आधी वार, मग वास्तू

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत, मूळच्या सांगलीच्या. गेली १२ वर्षे पुण्यात राहतात आणि संगणक क्षेत्रात नोकरी करतात. त्या जलरंगात चित्रे काढतात. सांगलीच्या घरी आजोबांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, रोज संध्याकाळी पेटी-तबला निघत असे आणि गावातले नट, गवई, शाळामास्तर न बोलावता येऊन बसत, ही त्यांची लहानपणची ठळक आठवण आहे. पुण्यात तसे काही सापडत नाही. प्रदर्शनांच्या उद्घाटनांना त्या जातात. लोक हसून बोलतात, फोन नंबर घेतात आणि पुन्हा भेटत नाहीत. त्यांनी केलेल्या व्हॉट्सॲप गटात १८० जण आहेत, पण भेटायला बोलावले तेव्हा फक्त चार जण आले. आता एरंडवण्यात एका बंगल्याचा तळमजला भाड्याने मिळतो आहे. भाडे महिना ६५ हजार, अनामत ४ लाख, डागडुजी आणि सजावट ६ लाख. हाती एकूण १८ लाखांची पुंजी आहे. नोकरी सोडून तिथे चहा-कॉफी, पुस्तके, भिंतींवर चित्रे आणि शनिवारी कार्यक्रम असे ‘कलाकारांचे घर’ थाटावे, असे त्यांच्या मनात आहे. नवऱ्याला हे खूळ वाटते. घरमालकाला महिनाभरात उत्तर द्यायचे आहे. त्या विचारतात, ‘मी ही उडी घ्यावी का? आणि एवढ्या मोठ्या शहरात माझ्यासारखी माणसे मला सापडत का नाहीत?’

प्रिय मैत्रीण,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर नीट लागले तर घरमालकाला काय सांगायचे हे बरेचसे तुमचे तुम्हालाच कळेल, असे मला वाटते.

तुमच्या पत्रातला सोपा माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहिला. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभे केले, त्या गावात संध्याकाळी पेटी काढून बसणाऱ्या माणसाकडे लोक आपोआप येणार, यात नवल नाही. पण तुम्ही लिहिता की ती माणसे ‘न बोलावता’ येत, आणि तिथे मला थोडे थांबावेसे वाटते. त्यांना रोज निरोप जात नसेल हे खरे, पण दिवे लागणीच्या सुमारास तुमचे आजोबा तिथे बसलेले असणारच, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होते. एखादे दिवशी कोणी आले नाही तरीही ते बसत असतील. ते रोजचे बसणे हेच बोलावणे होते. शिवाय येणारे सगळे चार-दोन गल्ल्यांतले, पायी येऊन पायी जेवायला घरी परतणारे. तुम्ही ज्याला जागेची जादू समजता आहात, तिच्यातला मोठा वाटा ठरलेल्या वेळेचा आणि चालत जाण्याइतक्या अंतराचा होता.

आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. त्या सोप्यात चहा कोण आणून देत असे? तुमच्या पत्रात आजोबा आहेत, गवई आहेत, मास्तर आहेत, आजी नाही. शक्य झाले तर आईला एकदा सविस्तर विचारा, की रोज पंधरा-वीस कप चहा कोण करत असे, साखर संपली तर कोणाचा जीव टांगणीला लागत असे, आणि आजीला कधी आत येऊन गाणे ऐकत बसता आले का. तुमची आठवण मलिन करण्याचा माझा हेतू नाही. ती बैठक एका बाईच्या अदृश्य कष्टांवर उभी असेल, तर तुम्ही एरंडवण्यात जे घर थाटू पाहता आहात त्यात ती जागा कोणाच्या वाट्याला येणार आहे, हे आधीच पाहिले पाहिजे. मला भीती वाटते ती हीच, की तुम्ही आजोबांच्या जागी बसण्याच्या इच्छेने निघाल आणि वर्षभरात आजीच्या जागी उभ्या असाल.

आता मुंबईकडे पाहू, कारण अशा जागा उभ्या राहण्याचा आणि जाण्याचा लांब इतिहास त्या शहराकडे आहे. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट १९५०-६० च्या दशकांत अशीच जागा होती. एकाच आवारात इब्राहिम अल्काझींची नाटकाची तालीम, रविशंकरांची संगीताची शाळा, आणि हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांच्या काम करण्याच्या खोल्या होत्या. वेगवेगळ्या कलांची माणसे जिन्यात एकमेकांना भेटत होती आणि त्यासाठी कोणालाही भेटीचा कार्यक्रम आखावा लागत नव्हता. हे शक्य झाले, कारण कलाकारांनी बाजारभावाने भाडे द्यावे अशी तिथे अपेक्षाच नव्हती. ती वास्तू आज उरलेली नाही. जहांगीर कलादालनातले कॅफे समोवार उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केले आणि ते २०१५ मध्ये बंद झाले. अर्धशतक तिथे चित्रकार, पत्रकार, नाटकवाले, प्रेमिक आणि बेकार अशी सगळी माणसे एका चहावर तासन् तास बसली. पण ती जागा मुळात कलादालनाची होती, आणि जागेचा हक्क संपल्यावर सगळ्यांच्या प्रेमालाही ती वाचवता आली नाही.

दादरच्या छबिलदास शाळेचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. ‘आविष्कार’ ही संस्था १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली, आणि काही वर्षांतच त्या शाळेचे सभागृह मराठी प्रायोगिक रंगभूमीचे घर झाले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. सजावट नव्हती, वातानुकूलन नव्हते, बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येत असे, आणि नाटक संपल्यावरची चर्चा गल्लीतल्या बटाटेवड्याच्या साक्षीने चाले. पुढे त्या शाळेतली जागा सोडावी लागली, तेव्हा ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि काम चालू राहिले. आणि त्याहून छोटे उदाहरण द्यायचे तर कवी अरुण कोलटकरांचे देता येईल. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात ते दर गुरुवारी दुपारी बसत. ज्याला भेटायचे असेल त्याने गुरुवारी तिथे जावे, एवढी साधी व्यवस्था होती. ते उपाहारगृह बंद झाले, तेव्हा बैठक मिलिटरी कॅफेत गेली. उपाहारगृह गेले आणि गुरुवार राहिला. त्या टेबलासाठी कोणी अनामत भरली नव्हती.

म्हणून तुमच्या प्रश्नामागचे जे गृहीतक आहे, की आधी जागा हवी आणि मग माणसे जमतील, ते मला उलटे वाटते. आधी वार ठरतो, मग माणसे ठरतात, आणि त्या माणसांना मिळून जागा परवडते किंवा कोणाकडून तरी मागता येते.

आता हिशेब. तुमच्या पत्रात खर्चाचे तीन आकडे आहेत, उत्पन्नाचा एकही नाही, म्हणून मी तो मांडून पाहिला. भाडे ६५ हजार, दोन मदतनिसांचे पगार ३६ हजार, वीज-पाणी-इंटरनेट १२ हजार, साफसफाई आणि फुटलेतुटलेले ७ हजार, असे धरले तर महिन्याला १ लाख २० हजार खर्च होतात, आणि यात तुमचा स्वतःचा पगार शून्य आहे. येणाऱ्या माणसाने सरासरी १५० रुपयांचे खाल्ले-प्याले आणि सामानाचा खर्च वजा जाता त्यातले ९० रुपये उरले, तर खर्च भागवायला महिन्याला साधारण १,३३३ माणसे हवीत. महिन्यातले २६ दिवस उघडे ठेवले तर दररोज ५१. तळमजल्यावर तुम्ही २४ खुर्च्या मांडणार आहात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे मांडायचे ती माणसे नोकऱ्या आटोपून सहा-साडेसहाला येणार, एक चहा घेणार आणि नऊपर्यंत बसणार. बसावीच, त्याचसाठी तर हे घर आहे. पण उपाहारगृह चालते ते खुर्ची रिकामी होण्यावर, आणि बैठक चालते ती माणूस न उठण्यावर. ही दोन कामे एकाच खुर्चीला सांगितली की महिनाअखेरीस तुम्ही त्या गप्पा मारणाऱ्या कवीकडे प्रेमाने पाहू शकणार नाही. उरलेली सत्तावीस माणसे दिवसभरात आणायची म्हणजे लॅपटॉप घेऊन बसणारे, वाढदिवस साजरे करणारे आणि बैठका घेणारे लोक आणावे लागतील. तीही चांगलीच माणसे असतात, पण त्यांच्यासाठी तुम्ही नोकरी सोडत नव्हता. अनामत आणि सजावट जाऊन तुमच्याकडे ८ लाख उरतात. खर्चाच्या निम्मी मिळकत झाली असे धरले, आणि सुरुवातीला तीही चांगलीच म्हणावी लागेल, तर महिन्याला ६० हजारांची तूट येईल आणि तेरा महिन्यांत पुंजी संपेल. चौदाव्या महिन्यात नोकरीही नसेल. तुमच्या नवऱ्याने ‘खूळ’ हा शब्द वापरायला नको होता, पण त्यांच्या पोटातली भीती या आकड्यांची असू शकते.

तेव्हा घरमालकाला नम्रपणे नाही म्हणा, हे माझे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. निदान आज तरी नाही.

पण ही गोष्ट सोडून द्या असे मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही जे मागता आहात ते चैनीचे नाही. घर आणि कचेरी यांच्या पलीकडे जिला तिसरी कुठलीच जागा नाही, आणि जिच्या हातातले काम समजणारे कोणी भोवती नाही, ती व्यक्ती हळूहळू ते काम बंद करते. आणि बंद केले हे कोणाला कळतही नाही. मी हे अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. लग्न, बदली, मूल, आईवडिलांचे आजारपण यांतल्या कशानेही न थांबलेली चित्रे केवळ दाखवायला कोणी नाही म्हणून थांबलेली पाहिली आहेत. म्हणून हे व्हायलाच हवे. फक्त ते १८ लाखांनी सुरू करू नये.

‘१८० जणांच्या गटातून फक्त चार जण आले’ असे तुम्ही लिहिले आहे. त्यातल्या ‘फक्त’शी माझे भांडण आहे. त्या चौघांची नावे तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, ते काय करतात हेही लिहिले नाही. न आलेल्या १७६ जणांबद्दल मात्र अर्धे पान लिहिले आहे. चार माणसे वाकडहून, हडपसरहून रहदारीतून वाट काढत तुमच्या शब्दाखातर आली, ही या शहरात मोठी गोष्ट आहे. त्यांना पुन्हा बोलावलेत का? मला वाटते, नसेल बोलावले, कारण तुम्हाला तो प्रयोग फसला असे वाटले. आज त्यांना फोन करा. संदेश पाठवू नका, फोनच करा.

बाकीचे का आले नसतील, याचाही विचार करू. ‘एकदा भेटू या’ हे आमंत्रण मोकळ्या स्वभावाच्या माणसाला आवडते, पण चित्रे काढणारी, लिहिणारी, लाकूड कोरणारी माणसे पुष्कळदा संकोची असतात आणि अनोळखी लोकांत नुसते बसून बोलायचे या कल्पनेनेच त्यांना थकवा येतो. अशा माणसांच्या हाताला काम द्यावे लागते. म्हणून भेटीचे निमित्त ‘गप्पा’ हे ठेवू नका, ‘काम’ हे ठेवा. ज्याने त्याने आपापले काम घेऊन यायचे. कोणी रेखाटनवही आणील, कोणी अर्धी कथा, कोणी विणकाम, कोणी सरोद. पहिला तास-दीड तास सगळ्यांनी न बोलता आपापले काम करायचे. मग चहा. मग एकाने किंवा एकीने आपले अपुरे काम दाखवायचे किंवा वाचायचे, आणि इतरांनी त्यावर बोलायचे. अपुरेच दाखवायचे, हा नियम मी आग्रहाने सांगेन. पूर्ण झालेले काम दाखवले की कौतुक आणि हेवा यांपलीकडे बोलणे जात नाही. अपुरे दाखवले की समोरचाही त्या कामात शिरतो. कुठे अडले हे सांगताना माणूस जितका जवळचा वाटतो, तितका तो उद्घाटनाच्या वेळी समईजवळ उभा असताना कधीच वाटत नाही.

वार आणि वेळ आत्ताच ठरवा आणि सहा महिने तरी बदलू नका. समजा, महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, संध्याकाळी ५ ते ८. सहा महिन्यांत बारा भेटी होतील. पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो, दोनच माणसे येणार असोत, भेट रद्द करायची नाही. गटावर ‘कोण कोण येणार?’ असे विचारायचेही नाही, कारण त्या प्रश्नाला शांतता मिळाली की येणारेही कचरतात. ‘शनिवारी पाच वाजता आम्ही आहोत’ एवढेच कळवायचे. तुमचे आजोबा हेच करत होते.

जागेसाठी पुण्यात डोळे उघडून फिरा. शाळांचे चित्रकलेचे वर्ग शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी रिकामे असतात, आणि तिथे टेबले, पाण्याचे नळ, रंग सांडला तरी चालेल अशी फरशी, सगळे आयते असते. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे एखादी खोली असते आणि तिथे माणसे यावीत अशी त्यांनाही आस असते. मोठ्या गृहसंकुलांतली क्लब हाऊस आठवड्यातले बरेच दिवस बंद असतात. मंगल कार्यालयांचा विचार कोणी करत नाही, पण चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त विरळ असतात आणि एखादा सहृदय मालक वरची छोटी खोली थोडक्या पैशांत देऊ शकतो. आणि बाग तर आहेच. ठाण्यात आचार्य अत्रे कट्टा बागेतच भरतो, दर बुधवारी. त्याला छप्पर नाही म्हणून कोणाचे अडले नाही. स्वतःचे चित्रपटगृह नसताना मुंबईचे ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून सभासदांच्या वर्गणीवर चित्रपट दाखवत आले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इथे माझा एक अनुभव सांगते, कारण त्यातली चूक तुम्ही करू नये. आमचा असाच एक गट होता, तेरा-चौदा जणांचा. एका शाळेने चित्रकलेचा वर्ग रविवारी वापरायला दिला होता, तोही तोंडी. किल्ली आमच्यातल्या एकाकडे असे, पैसेही तोच सांभाळत असे, आणि तो इतका भला होता की दुसऱ्या कोणी काही करावे असे वाटतच नसे. दोन वर्षांनी त्याची बदली झाली. त्याच महिन्यात शाळेत नवे व्यवस्थापन आले आणि त्यांनी विचारले, तुम्हाला परवानगी कोणी दिली? दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता. पण खरे दुःख जागा गेल्याचे नव्हते. दुसरी जागा शोधायला आम्ही एकत्रच आलो नाही, कारण एकत्र येण्याचे काम करायची सवय त्या एकाखेरीज कोणालाच नव्हती. तेरा माणसे शहरात होती आणि गट संपला. त्याबद्दल मला अजूनही हळहळ वाटते.

म्हणून पहिल्या दिवसापासून कामे वाटून द्या. चहा दर वेळी वेगळ्या व्यक्तीने करायचा, आणि त्यात पुरुषांची पाळी आपोआप चुकणार नाही याकडे लक्ष ठेवायचे. खोली झाडणे, किल्ली आणणे, पुढच्या वेळी कोण काम दाखवणार ते ठरवणे, नवीन आलेल्या माणसाशेजारी बसणे, ही सगळी कामे आहेत आणि ती फिरती ठेवायची. नवीन माणसाशेजारी बसण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे, कारण पहिल्या वेळी ज्याच्याशी कोणी बोलले नाही तो दुसऱ्यांदा येत नाही. वर्गणी घ्या, अगदी थोडी का होईना. पंचवीस माणसांनी महिना ३०० रुपये दिले तर ७,५०० रुपये जमतात. त्यात खोलीचे भाडे, चहा आणि कधी तरी रेखाटनासाठी बसणाऱ्या मॉडेलचे मानधन निघते. ज्याला जमत नाही त्याने दिले नाही तरी चालेल, पण ते फक्त हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावे. हिशेब मात्र दर महिन्याला सर्वांसमोर ठेवा. पैशाबद्दल न बोलणे ही आपल्याकडे सभ्यता समजली जाते, आणि तिच्यामुळे अनेक चांगले गट मोडले आहेत.

‘माझ्यासारखी माणसे’ या शब्दांबद्दलही थोडे बोलायचे आहे. तुमच्यासारखी म्हणजे नेमकी कशी? तुमच्या वयाची, तुमच्यासारखी नोकरी करणारी, त्याच पुस्तकांची नावे घेणारी? तशी माणसे मिळतील, पण एका वर्षात त्यांचे बोलणे एकसारखे होईल. आजोबांच्या सोप्यात मास्तर होते आणि नटही होते, आणि त्या दोघांचे विचार जुळत असतील असे मला वाटत नाही. त्यांना जोडत होते ते गाणे ऐकणे. सूर लागला की दोघेही गप्प होत असतील. समविचारी माणसांपेक्षा एकाग्र होऊ शकणारी माणसे शोधा. पेठेतला साइनबोर्ड रंगवणारा, ज्याचे काम छापील फलकांनी हिरावून घेतले. गणपतीच्या मूर्तींची आखणी करणारी बाई, जिच्या हातात डोळे रेखण्याची विलक्षण स्थिरता असते. निवृत्त कलाशिक्षक, ज्यांना आता कोणी काही विचारत नाही. अभिनव कला महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी, जो लातूरहून आला आहे आणि खोलीवर एकटा आहे. ही माणसे उद्घाटनांना येत नाहीत, व्हॉट्सॲप गटातही नसतात. त्यांच्याकडे जाऊन बोलवावे लागेल, आणि एकदा बोलावून भागणार नाही.

त्यांना येता येईल अशी सोयही बघावी लागेल. जागा बस किंवा मेट्रोच्या वाटेवर आहे का, रात्री एकट्या मुलीला तिथून निघताना रस्त्यावर दिवे आहेत का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, स्वच्छतागृह कसे आहे, लहान मूल बरोबर घेऊन आलेल्या आईला कोपऱ्यात सतरंजी मिळेल का. भिंतीचा रंग कोणता असावा याचा तुम्ही पत्रात सुंदर विचार केला आहे. तेवढाच विचार स्वच्छतागृहाचा करा. बायका पुन्हा येतात की नाही हे बऱ्याचदा तिथेच ठरते.

समजा, वर्ष-दीड वर्षानंतर तुमच्या शनिवारला पंचवीस-तीस माणसे टिकून राहिली आणि स्वतःची जागा हवीशी वाटू लागली. तेव्हा जरूर बंगला शोधा, पण एकटीच्या नावावर आणि एकटीच्या पैशांवर नाही. सात जण मिळून संस्था नोंदवता येते. आपल्याकडे ती न्यास म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावी लागते. कागदपत्रांचा आणि दरवर्षीच्या हिशेबतपासणीचा ताप आहे, पण मग देणगी मागता येते आणि तुमच्या बदलीने किंवा आजारपणाने काम थांबत नाही. भाडेकराराला लेखी आणि नोंदणीकृत स्वरूप कायद्यानेच आवश्यक आहे, तेव्हा त्यात तिथे नेमके काय होणार ते स्पष्ट लिहून घ्या. माणसे येणार, गाणे होणार, कधी पंचवीस दुचाकी उभ्या राहणार, हे मालकाला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. पुण्यात अशा जागांवर पहिली तक्रार कलेची येत नाही, गाड्या लावण्याची येते. जाहीर नाट्यप्रयोगासाठी संहितेला ती आधी तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि अंगणात ध्वनिवर्धक लावणार असाल तर रात्री १० ची मर्यादा पाळावी लागते. खाण्यापिण्याचा व्यवसाय शक्यतो करूच नका. एका कोपऱ्यात शेगडी, कपाटात चहा-साखर आणि बाहेर पैसे टाकायला एक डबा, एवढे पुरे. दिवसाच्या वेळात तीच जागा चित्रकलेच्या शिकवण्यांना, नृत्याच्या वर्गाला, तालमींना तासांवर द्या. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच पाहून या. छोटी जागा कार्यक्रमांनी किती भरून राहू शकते हे तिथे नीट दिसते.

तुमच्यासारखी पत्रे मला नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून आणि परदेशात गेलेल्या मराठी मुलींकडूनही येतात. त्यांनाही मी हेच सांगेन, फक्त गाव लहान असेल तर महिन्यातून एकच भेट ठेवा आणि ती चुकवू नका.

नोकरी सोडू नका. शनिवार शनिवारच्या जागी राहू दे आणि पगार पगाराच्या जागी. चित्रांवर आणि मित्रांवर पोट भरण्याचे ओझे नसेल तर दोघेही मोकळेपणाने वाढतात. नवऱ्याशी बोलताना १८ लाखांचा विषय काढू नका. या वर्षी या कामावर आपण जास्तीत जास्त किती खर्च करणार तो आकडा एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या मते ६० हजार पुरेत. बोलणे मोठे नसले म्हणजे ऐकणारा घाबरत नाही. आणि त्यांना तिथे यावेसे वाटले तर येऊ द्या, पण त्यांनी यायलाच हवे असा हट्ट धरू नका. स्वतःची अशी एक खोली असणे तुम्हालाही हवेच आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, बंगल्याच्या खिडक्यांचे वर्णन संपते तिथे, तुम्ही ओघात लिहून गेला आहात की या सगळ्या धावपळीत पाच महिन्यांत एकही चित्र झालेले नाही. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आहे. कलाकारांसाठी घर बांधता बांधता तुम्ही चित्र काढायचे थांबला आहात आणि ते तुमच्या लक्षात आलेले नाही, किंवा आले आहे आणि म्हणूनच ते मला लिहिले आहे.

येता पहिला शनिवार धरा. त्या चौघांना फोन करा, तुमच्याच घरी बोलवा, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरा. चहा त्या चौघांपैकी कोणाला तरी करायला सांगा आणि डबे कुठे आहेत ते दाखवून परत येऊन बसा. शुक्रवारी रात्रीच एक कागद भिजवून पाटावर ताणून ठेवा, म्हणजे पाच वाजता तो कोरडा आणि सपाट असेल.

तुमची मैत्रीण